केशोरीची गोधडी आणि तिची नक्कल

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सौंदडनंतर धानाच्या बांध्या आणि जंगल आळीपाळीने खिडकीत येऊ लागतात. अर्जुनी स्टेशनवर उतरायचे आणि तेथून मोटारीने केशोरी गाठायची. तालुका अर्जुनी-मोरगाव. जिल्हा गोंदिया असला तरी आमच्या वयाची माणसे अजून बोलता बोलता ‘भंडाऱ्याकडची केशोरी’ म्हणून जातात, कारण १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. पुढे गेले की गडचिरोलीचे जंगल लागते.

केशोरीचे नाव बाजारात निघते ते मिरचीसाठी. पण पोट भरते ते धानावर. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग मंडई आणि रात्रभर चालणारी नाटके. जवळच गोठणगाव आहे आणि गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे. गोठणगावजवळ १९७२ साली वसवलेली तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. आपला देश सुटलेले हे बौद्ध लोक झाडीच्या या कोपऱ्यात येऊन राहिले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. या भागाकडे फिरायला येणारी माणसे नवेगावबांधचा तलाव पाहतात आणि परत जातात. आम्ही मात्र गेल्या हिवाळ्यात केशोरीला गेलो ते एक गोधडी पाहायला.

कोणी म्हणेल, गोधडी पाहायला एवढा प्रवास? ती तर घरोघरी असते. खरे आहे. पण या गोधडीवरून एका घरात बहीण-भावाचे मन थोडे खट्टू झाले होते. आई पंच्याऐंशीच्या घरातली. मुलगा केशोरीलाच शेती करतो, मुलगी वडशाला दिलेली. आजीच्या पेटीत सासूच्या हातची एक गोधडी आहे आणि ती दोघांनाही हवी होती. कोणीतरी सल्ला दिला, मधोमध कापा आणि अर्धी-अर्धी वाटून घ्या. शेतीचे हिस्से पडतात तसे! आजीने तो सल्ला ऐकला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. शेवटी मुलीनेच तोड काढली. म्हणाली, ‘माय, आपन हिच्यासारखीच दुसरी शिवू.’ आमच्या मंडळाच्या दोन भगिनी शिवणकामातल्या जाणत्या, म्हणून निरोप आला. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. आम्हाला सुई ओवता येण्यापलीकडे काही येत नाही, पण नोंदी ठेवता येतात. कचेरीत आवक-जावक लिहून उभी हयात चालली आहे, तीच विद्या येथे उपयोगी पडली.

आधी जुन्या गोधडीविषयी सांगतो. लांबी ८१ इंच, रुंदी ४५ इंच. म्हणजे पावणेसात फूट बाय पावणेचार फूट. हे माप कोठून आले? नऊवारी लुगडे २७ फूट लांब असते. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा भरतो. लुगड्याचा पन्हा तीच रुंदी. म्हणजे एका लुगड्यात चार थर बसतात आणि कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने केलेला हा भागाकार आहे. बी.कॉम.ला आम्ही पुष्कळ हिशेब केले, पण शिल्लक शून्य येणारा असा स्वच्छ हिशेब थोडाच पाहिला.

दर्शनी बाजूला हिरवे लुगडे आहे, आता विटून शेवाळी झालेले. त्यावर बारा ठिगळे. लाल, निळी, एक खाकी. खाकी ठिगळ आजीच्या मालकांच्या अर्ध्या पॅन्टचे. प्रत्येक ठिगळ सरळ रेषेत, कडा आत मुडपलेल्या. चारही कोपरे दुहेरी घडीने पक्के केलेले. टाका साधा धावदोऱ्याचा, पण काठापासून सुरू होऊन आत आत जाणारा, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. दोन ओळींत अंतर अर्ध्या इंचाचे. आम्ही मोजले, फेरे भरले ४५.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे राहणारे सिद्दी लोक मूळचे आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्या बायकाही अशाच गोधड्या शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत मध्याला येतात आणि चार कोपऱ्यांवर कापडाची फुले बसवल्याशिवाय गोधडी पूर्ण मानत नाहीत. केशोरी कोठे आणि यल्लापूर कोठे! पण जुन्या कापडातून ऊब काढायची असेल, तर कष्टकरी बाईचा हात अशाच वाटेने जातो.

गोधडीची पाठ पांढरी आहे. हा पांढरा पदर म्हणजे आजीच्या सासूचे लुगडे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना ते तिच्या अंगावर होते. त्या दिवसासाठी गोरगरिबांनी ऐपत नसताना पांढरे वस्त्र घेतले होते. सासूने ते लुगडे पुढे जपून वापरले. विरले तेव्हा फेकवेना. आजी लग्न होऊन या घरात आली, त्यानंतर दोन-तीन हिवाळ्यांनी सासूने ते गोधडीला लावले. सांगताना आजीचा आवाज बदलला नाही. रोजची गोष्ट सांगावी तसे तिने सांगितले. आमच्या भगिनींनी मात्र हातातली टेप खाली ठेवली.

नक्कल करायची तर आत काय आहे ते कळले पाहिजे. एका भगिनीने विचारले, एक बाजू थोडी उसवू का? आजी म्हणाली, ‘उसवू नका बाप्पा. सुतानं सूत धरलं हाये. एक टाका काढला का समदं सुटते.’ तेव्हा न उसवता काम करायचे ठरले. पायथ्याचा एक कोपरा आधीच फाटलेला होता. त्यातून कंदिलासारखी टॉर्च धरून पाहिले. आत आणखी एक गोधडी होती! जुनी गोधडी झिजली की तिच्यावरच नवे कापड चढवून पुन्हा शिवायची, ही आपल्याकडची रीत. आतल्या गोधडीचे कापड जाडेभरडे, हातमागाचे. आपल्या नागपूर-भंडारा भागात पूर्वी महार समाजातील पुष्कळ घरे असे जाडे कापड विणून पोट भरत. गिरण्यांचे स्वस्त कापड आले आणि ते माग बंद पडत गेले. त्याच घरांतील माणसे मग नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत कामाला लागली. ती मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. आज तीही बंद आहे. एवढा सगळा इतिहास त्या फाटक्या कोपऱ्यात दोन बोटांच्या जाडीत होता.

हे चालू असताना घरातला कॉलेजात जाणारा नातू दारात उभा होता. त्याला हे पटत नव्हते. तो म्हणाला, ‘आजी, या चिंध्या कायले जपाच्या? बाबासाहेबांनं तं समदं असं टाकून द्याले सांगतलं होतं.’

पोराचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. कापडावरून जात ओळखू यावी अशी ती व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते पुस्तक जाळले गेले, आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची ती ओळख टाकून द्यायला सांगितले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी स्वच्छ राहण्यावर आणि मुलांना शिकवण्यावर भर दिला. मग फाटक्या कापडाचा अभिमान आपण कोणत्या तोंडाने मिरवायचा?

आजीने नातवाला रागावले नाही. गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, ‘मांगून आनलेलं यात बोटभर नाही. समदं आपल्या कमाईचं. धुतलं, वाळवलं, मंग शिवलं.’

आम्हाला वाटते, यात उत्तर आहे. कोणी लादलेली चिंधी वेगळी आणि आपल्या कष्टाच्या कापडाचा शेवटचा धागाही वाया न घालवणे वेगळे. विनयपिटकात हा फरक फार स्पष्ट आहे. भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर करीत, त्याला पांसुकूल म्हणत. पण जीवक वैद्याने विनंती केली तेव्हा गृहस्थांनी दिलेले वस्त्र घ्यायलाही बुद्धांनी मुभा दिली. पुढे देवदत्ताने आग्रह धरला की भिक्खूंनी जन्मभर चिंध्यांचेच चीवर वापरावे, अशी सक्ती करा. बुद्धांनी ती सक्ती नाकारली. ज्याला हवे त्याने वापरावे, बळजबरी नको.

महावग्गात आणखी एक प्रसंग आहे, तो धान पिकवणाऱ्या आपल्या लोकांना विशेष आवडेल. दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातील शेते पाहिली. चौकोनी बांध्या, मधून जाणारे धुरे, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा. ते आनंदाला म्हणाले, भिक्खूंसाठी अशी चीवरे करता येतील का? आनंदाने तसे तुकडे जोडून चीवर तयार केले आणि बुद्धांनी त्याची वाखाणणी केली. आजही भिक्खूंच्या चीवरात तुकड्यांची ती जोडणी दिसते. केशोरीच्या बांध्या पाहताना हा प्रसंग आठवला नसता तरच नवल.

चुल्लवग्गात तर कापडाचा पूर्ण हिशेबच दिला आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाने विचारले, एवढ्यांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जुन्या चीवरांचे अंथरूण करू, जुन्या अंथरुणाची गादीची खोळ, जुन्या खोळीचे जमिनीवरचे आच्छादन, त्याचे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके. आणि फडकेही विरले की ते कुटून चिखलात कालवू आणि जमीन लिंपू. भगिनींनो, आपल्या आज्यांनी याहून वेगळे काय केले?

नातू पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवून त्यानेच गोधडीचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला आणि बारा ठिगळांना नंबर दिले.

आता खरी अडचण कापडाची. आज घरोघरी साड्या आहेत, पण त्या पॉलिस्टरच्या. असे कापड घाम शोषत नाही, सुईखाली सरकते, आणि सुती कापडाबरोबर शिवले तर धुतल्यावर सुती आटते, हे आटत नाही, म्हणून चुण्या पडतात. चार घरे फिरून सुती लुगडी गोळा केली. दोन जुनी, एक पवनीच्या हातमागाचे जवळजवळ नवे. नवे कापड शिवण्याआधी दोनदा धुऊन आटवून घेतले. लाल तुकड्याचा रंग जातो का, हे पाहायला त्यावर ओले पांढरे फडके दाबून धरले. रंग उतरला, म्हणून तो तुकडा बाद करून दुसरा घेतला. खाकी ठिगळाच्या जागी नातवाची शाळेतली पॅन्ट आली.

कोणीतरी सुचवले, कापड चहाच्या पाण्यात बुडवा म्हणजे जुनी दिसेल. आजीला ते मुळीच पटले नाही. ‘म्हातारी व्हाले तिले तिचा टाइम लागन,’ एवढेच म्हणाली. आम्ही सगळे हसलो, पण त्यातून नियम ठरला. माप तेच, थर तितकेच, टाका तोच, फेरे तेच. पण जुनेपणाचे सोंग नको.

आणि पांढरी पाठ? ते लुगडे तर जगात एकच. नव्या गोधडीला बाजारातले पांढरे कापड लावायचे असे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात आजी आत गेली आणि आपली पांढरी सुती साडी घेऊन आली. पौर्णिमेला विहारात जाताना ती हीच नेसते. मुलगी म्हणाली, ‘माय, मंग तू काय नेसशील?’ आजी म्हणाली, ‘तू घेऊन देशील नवी.’

शिवण अकरा दिवस चालली. जेवणानंतर तीन-तीन तास, तीन बाया. अंगणात सतरंजी पसरून तिच्यावर थर अंथरले, कोपऱ्यांवर पाटे ठेवून ताणले, आधी कच्चे टाके घातले. मग काठापासून आत. सुई जाड, दोरा सुती. आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिने बोटाने ओळी तपासल्या. जेथे टाका मोठा पडला तेथे बोट थांबे आणि ती नुसती ‘हं’ करी. तेवढा टाका पुन्हा घातला जाई. वडशाची मुलगी आणि केशोरीची सून शेजारी-शेजारी बसल्या होत्या. पहिले दोन दिवस दोघी कामापुरते बोलल्या. पाचव्या दिवशी एकमेकींची सुई ओवून देत होत्या.

आम्ही आमच्या वहीत हिशेब मांडला. ८१ इंच बाय ४५ इंच, ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर, म्हणजे शिवणीची लांबी दोनशे वारांहून जास्त. इंचाला पाच टाके धरले तर ३६,४५० टाके. वेळ ९९ तास. आठ तासांचा दिवस धरला तर बारा दिवसांहून अधिक मजुरी. आणि शहरातला एक दुकानदार अशी गोधडी बायकांकडून दोन दिवसांच्या मजुरीएवढ्या पैशात मागतो! बाकी दहा दिवस कोणाच्या खात्यावर जमा होतात, हे सांगायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हॅरिएट पॉवर्स ही काळी स्त्री १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मली. १८८६ साली अथेन्स येथील कापसाच्या जत्रेत तिची एक गोधडी मांडली होती, अकरा चौकटींत बायबलमधील प्रसंग शिवलेली. एका चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएट नाही म्हणाली. पुढे घरात पैशाची चणचण झाली तेव्हा तिने स्वतःच दहा डॉलरला देऊ केली. मिळाले पाच. विकल्यानंतरही ती आपली गोधडी पाहायला त्या बाईंकडे जात असे. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९९२ च्या सुमारास त्या संग्रहालयाच्या परवान्याने तिच्यासह काही जुन्या गोधड्यांच्या नकला चीनमध्ये करवून विक्रीला आल्या. तेथील गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांनी याविरुद्ध मोठा आवाज उठवला. स्वस्त नकलांमुळे आमच्या हाताची किंमत बुडते, आणि उद्या हीच नक्कल कोणी जुनी म्हणून विकेल, हे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून केशोरीत आमच्या भगिनींनी एक आग्रह धरला. नव्या गोधडीच्या पांढऱ्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, निळ्या दोऱ्याने शिवणाऱ्या तिघींची नावे आणि साल घालायचे. जुनी कोणाची, कोणावरून ही केली, तेही घालायचे. आजीच्या सासूचे नाव पहिल्यांदाच कापडावर लिहिले गेले. जुन्या गोधडीवर ते कोठेच नव्हते. ती नावे आम्ही येथे छापत नाही. ज्यांची आहेत त्यांच्या घरी ती आहेत.

आता घरी जुनी गोधडी असलेल्या वाचकांसाठी चार गोष्टी. गरम पाण्यात घालू नका, पिळू नका, आपटू नका. सावलीत आडवी पसरून वाळवा, दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने टाके तुटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. घडी घातलीच तर वर्षातून दोनदा घडीची जागा बदला. पावसाळा संपला की एक दिवस हवा द्या. आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर कोणता तुकडा कोणाचा हे विचारून कागदावर लिहून ठेवा. हे काम पोरांना सांगा, ती आनंदाने करतील.

राहिला वाटणीचा प्रश्न. जुनी गोधडी केशोरीच्या घरी राहिली, आजीच्या पेटीत. नवी वडशाला गेली. निघताना मुलीने ती पिशवीत न कोंबता खांद्यावर घेतली. मोटार येईपर्यंत फाट्यावर बायका विचारत होत्या, ‘कोठून आनली वो?’ ती प्रत्येकीला कोपरा उलटून नावे दाखवत होती.